जागे कोणी राहायचे?

रेंज नसलेल्या घाटातही एका फोनमधला व्हिडिओ शेजारच्या फोनमध्ये जातो. फोनमधले छायाचित्र थेट प्रिंटरवर छापून निघते, मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दिसतो. मध्ये इंटरनेट नसते, राउटर नसतो, कुठल्या कंपनीचा सर्व्हरही लागत नाही. दोन साधने थेट एकमेकांशी बोलतात. वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने ऑक्टोबर 2010 मध्ये ‘वाय-फाय डायरेक्ट’चे प्रमाणीकरण सुरू केले. कमी ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथची 4.0 ही आवृत्तीही त्याच वर्षी आली. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 4.0 बरोबर वाय-फाय डायरेक्ट सर्वसामान्यांच्या फोनमध्ये पोहोचले. आज क्विक शेअर किंवा एअरड्रॉपवरून फाइल पाठवणाऱ्याला अशा तंत्रांची नावे माहीत असण्याचीही गरज उरलेली नाही. सोय खरी आहे आणि मोलाची आहे. मात्र तिची किंमत बॅटरीतून वसूल होते. ती कोणाच्या बॅटरीतून, किती आणि कोणाला विचारून, याचा निर्णय बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या नकळत होऊन गेलेला असतो. तो निर्णय कसा व्हावा, याचा विचार आता उघडपणे व्हायला हवा.

आधी खर्च नेमका कशावर होतो ते पाहू. माहिती पाठवताना रेडिओ जास्त वीज खातो, हे कुणालाही पटेल. पण काहीही न पाठवता, काहीही न घेता, ‘कुणी हाक मारेल का’ म्हणून नुसते कान देऊन बसण्यातही त्याच्या निम्म्याहून अधिक वीज जाते, हे पटकन लक्षात येत नाही. लॉरा मरी फीनी आणि मार्टिन निल्सन यांनी 2001 मध्ये त्या काळच्या वाय-फाय कार्डांवर केलेली मोजमापे या क्षेत्रात आजही दाखल्यासाठी घेतली जातात. सेकंदाला 11 मेगाबिटच्या कार्डाला माहिती पाठवताना सुमारे 284 मिलिअँपिअर, घेताना 190, नुसते कान देऊन बसताना 156, आणि झोपेत मात्र फक्त 10 मिलिअँपिअर प्रवाह लागत होता. आजच्या चिपचे आकडे वेगळे आहेत, पण नियम तोच आहे. जागेपणी रेडिओ काय करतो यापेक्षा तो किती वेळ जागा राहतो, यावर बॅटरीचे आयुष्य ठरते. म्हणून वीज वाचवायची म्हणजे रेडिओला झोपवायचे. दुसरा मोठा उपाय नाही.

घरच्या वाय-फायवर हे सहज जमते, कारण राउटर भिंतीच्या प्लगवर असतो. तो रात्रंदिवस जागा राहतो, फोनसाठी आलेली माहिती सांभाळून ठेवतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा ‘तुझ्यासाठी काही आहे’ किंवा ‘काही नाही’ असे जाहीर करतो. फोन तेवढ्यापुरता डोळे उघडतो, आपले नाव नसेल तर पुन्हा झोपतो. 1997 च्या मूळ वाय-फाय मानकापासून ही व्यवस्था आहे. तिचा सगळा डोलारा राउटरच्या प्लगवर उभा आहे. राउटर काढून टाकला की त्याचे काम दोघांपैकी एका फोनला करावे लागते, आणि त्या फोनला प्लग नसतो. घोडे पेंड खाते ते इथेच.

वाय-फाय डायरेक्टमध्ये या कामकऱ्याला ‘ग्रुप ओनर’, म्हणजे गटाचा मालक म्हणतात. जोडणी होताना दोन्ही साधने 0 ते 15 मधला एक आकडा सांगतात. आकडा म्हणजे मालक होण्याची तयारी. ज्याचा आकडा मोठा तो मालक होतो, आकडे सारखे असतील तर एका बिटवर निकाल लागतो. दोघांनीही 15 सांगितले, म्हणजे ‘मीच होणार’ असा हट्ट धरला, तर जोडणीच फिसकटते. हा आकडा बॅटरी पाहून ठरवावा अशी सक्ती कुठेही नाही. अँड्रॉइडवर तो ॲप लिहिणाऱ्याला ठरवता येतो, ठरवला नाही तर फोनची प्रणाली ठरवते. शिवाय एकदा मालक झालेल्या फोनला ती जबाबदारी चालू गटात दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. त्याची बॅटरी संपली की गट मोडला, सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. म्हणजे 12 टक्के बॅटरी उरलेला फोन मालक आणि 90 टक्के असलेला फोन निवांत, असे सहज घडू शकते. त्यात नुकसान फक्त पहिल्याचे होते असेही नाही.

मालकालाही डुलकी घेता यावी म्हणून मानकात दोन सोयी ठेवल्या आहेत. पहिलीत मालक आपल्या गैरहजेरीचे वेळापत्रक आधीच जाहीर करतो: अमुक क्षणापासून, इतका वेळ, इतक्या अंतराने, इतक्या वेळा मी नसेन. दुसरीत तो प्रत्येक घोषणेनंतर थोडा वेळ जागा राहतो, आणि तोपर्यंत गटातले सगळे झोपलेले दिसले तर स्वतःही झोपतो. प्रत्यक्षात हे कसे दिसेल? दोन घोषणांमध्ये साधारण 102 मिलिसेकंदांचे अंतर असते, म्हणजे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. समजा मालक त्यातले 27 मिलिसेकंद जागा राहिला आणि 75 मिलिसेकंद झोपला. रेडिओचा जागेपणीचा खर्च जवळपास चौथ्या हिश्श्यावर आला. मात्र माहिती वाहण्याची वेळही तेवढीच उरली. एका पानाची छपाई करायची असेल तर हा फरक कुणाला जाणवणारही नाही. पण फोनचा पडदा टीव्हीवर दाखवत सेकंदाला 60 चित्रे पाठवायची असतील, तर एक चित्र साधारण 17 मिलिसेकंदांचे, आणि 75 मिलिसेकंदांच्या झोपेत चार-साडेचार चित्रे अडकून पडतात. चित्रपट असेल तर पुढची चित्रे आधीच साठवून ठेवता येतात. खेळ असेल किंवा पडद्यावर बोट फिरवून वर्गाला काही समजावायचे असेल, तर पडदा अडखळतो. जुन्या वाय-फाय साधनांना ही वेळापत्रके कळतच नाहीत. मालक झोपलेला असताना ती बोलत राहतात, उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाठवतात आणि वाचवायला निघालेली वीज उलटी खर्च होते.

असे असूनही झोपेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. आजच्या 5000 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास ऊर्जा असते. रेडिओ विनाकारण जागा राहून अर्धा वॅट खात राहिला असे धरले, तर आठ तासांत चार वॅट-तास जातात, म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा. शहरात चार्जर हाताशी असणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. ज्या गावात भारनियमनाने दिवसाचे वेळापत्रक ठरते, तिथे याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो, यूपीआयचे पैसे येतात आणि रात्री-अपरात्री दवाखान्याला फोनही यावरूनच लागतो. तिथे बॅटरीचा पाचवा हिस्सा ही चैन नाही. बॅटरी जितकी कमी वेळा चार्ज करावी लागेल तितकी ती टिकते, आणि तितका कचराही कमी होतो, हा हिशेबही याच बाजूला मांडावा लागेल.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा आहे. सतत ‘मी इथे आहे’ असे सांगणारा फोन बॅटरी तर खर्च करतोच, पण आपली ओळखही वाटत फिरतो. त्यामुळे झोप ही सुरक्षितताही असते. पण या युक्तिवादालाही दुसरी बाजू आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ॲपलने चीनमधल्या आयफोनवर एअरड्रॉपची ‘सर्वांकडून स्वीकारा’ ही सोय 10 मिनिटांपुरती मर्यादित केली आणि पुढच्या महिन्यात हाच नियम जगभर लागू केला. अनोळखी माणसांकडून येणाऱ्या नको त्या फाइली थांबवण्यासाठी हा नियम चांगलाच आहे. पण चीनमध्ये सरकारविरोधी मजकूर हातोहात पसरवण्यासाठी लोक त्याच सोयीचा आधार घेत होते, आणि तो आधार ऐन वेळी तोकडा झाला. कान बंद ठेवण्याची सक्ती कोणावर होते आणि केव्हा होते, यावर ती संरक्षण आहे की अडसर हे ठरते.

झोपेच्या विरोधातला सगळ्यात ठोस पुरावा करोनाकाळाने दिला. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने मे 2020 मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर संपर्कशोधाच्या ॲपची चाचणी घेतली. खिशातले फोन ब्लूटूथवरून एकमेकांची नोंद ठेवतील, अशी ती कल्पना होती. बॅटरी आणि खासगीपणा जपण्यासाठी आयफोन पडद्यामागच्या ॲपच्या ब्लूटूथ वापरावर कडक बंधने घालतो. खिशात कुलूपबंद पडलेले दोन आयफोन एकमेकांना ओळखेनात. या ॲपला अँड्रॉइड फोनपैकी 75 टक्के ओळखता आले, आयफोनपैकी फक्त 4 टक्के, असे सरकारनेच जूनमध्ये सांगितले आणि तो प्रकल्प सोडून दिला. सिंगापूरने मार्च 2020 मध्येच असे ॲप आणले होते. तिथेही आयफोनवाल्यांना ते पडद्यावर उघडे ठेवावे लागे, आणि बॅटरी झपाट्याने उतरे. ब्रिटनमध्ये फोनने झोप लादली म्हणून काम झाले नाही, सिंगापूरमध्ये ॲपने जागरण लादले म्हणून लोक कंटाळले.

मधुमेहींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला सेन्सर दर काही मिनिटांनी रक्तातल्या साखरेचा आकडा ब्लूटूथवरून फोनला देतो आणि लगेच झोपतो. त्याची चिमुकली बॅटरी दहा-चौदा दिवस पुरते ती या शिस्तीमुळेच. साखर धोक्याच्या खाली गेली की फोनने गजर करायचा असतो. पण फोननेही बॅटरी वाचवण्यासाठी ते ॲप गाढ झोपवले असेल तर? फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेहींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना नेमका हाच इशारा दिला: फोनमधल्या सेटिंगमुळे, ॲप गाढ झोपेत जाण्यामुळे, नव्या जोडलेल्या हेडफोनमुळे महत्त्वाचे गजर वाजत नाहीत. इथे वाचवलेल्या एक-दोन टक्के बॅटरीची किंमत एखाद्याच्या जिवाने मोजावी लागू शकते. सेन्सर आणि फोन या दोघांनीही आपापल्या परीने वीज वाचवली होती. रुग्णाला जपायचे काम कोणाचे, हे मात्र कुणी ठरवले नव्हते.

या वादात एक गैरसमज दोन्हीकडे दिसतो, तो दूर केला पाहिजे. कमी वीज खाणारा रेडिओ वापरला की बॅटरी वाचते, असे सरसकट मानले जाते. एक गिगाबाइटचा व्हिडिओ घ्या. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर सेकंदाला एक मेगाबिट वेग मिळाला तरी तो जायला सव्वादोन तास लागतील. वाय-फायवर सेकंदाला 200 मेगाबिट मिळाले तर 40 सेकंद. ब्लूटूथ 30 मिलिवॅट आणि वाय-फाय एक वॅट घेते असे धरले, तर पहिल्या मार्गाने 240 ज्यूल खर्च होतात, दुसऱ्याने 40. तीसपटीहून जास्त वीज ओढणारा रेडिओ सहापट स्वस्त पडला, कारण तो लवकर काम उरकून झोपला. दोन फोनच्या भेटीची वाट पाहायची असेल तेव्हा हिशेब उलटा होतो. तिथे वाय-फाय उधळ्या ठरते आणि ब्लूटूथ काटकसरी. म्हणूनच क्विक शेअरसारख्या सोयी आधी ब्लूटूथने शेजारी शोधतात, मोठी फाइल द्यायची वेळ आली की वाय-फाय उठवतात आणि काम झाले की जोडणी मोडतात. काटकसर म्हणजे सतत कमी खर्च करणे नव्हे, योग्य वेळी मोकळ्या हाताने खर्च करून थांबणे.

मधला रस्ता शोधण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. 2015 मध्ये जाहीर झालेल्या ‘वाय-फाय अवेअर’मध्ये परिसरातली सगळी साधने आपली घड्याळे जुळवून घेतात आणि एकाच वेळी जागी होतात. साधारण 524 मिलिसेकंदांच्या फेरीत 16 मिलिसेकंद, म्हणजे वेळेच्या तीन टक्क्यांइतकेच, सगळे जागे. त्या खिडकीत हाक मारली की ऐकू जाते, बाकी वेळ सगळ्यांना झोप. वेळ जुळवून ठेवण्याची जबाबदारीही एकाच साधनाच्या गळ्यात कायमची पडत नाही. अँड्रॉइडने हे 2017 मध्ये स्वीकारले. युरोपीय आयोगाने मार्च 2025 मध्ये ॲपलला इतर कंपन्यांच्या साधनांशी जुळवून घेण्याचे बंधन घातल्यावर त्याच वर्षी आयफोनमध्येही ते आले. ॲपल आणि गुगल यांनी 2020 मध्ये मिळून बनवलेल्या संपर्कशोधाच्या व्यवस्थेतही हेच शहाणपण होते. सांगणे स्वस्त म्हणून सेकंदाला काही वेळा सांगायचे, ऐकणे महाग म्हणून काही मिनिटांनी थोडाच वेळ ऐकायचे. सिंगापूरने वेगळी वाट धरली. जून 2020 पासून लोकांना, आधी वृद्धांना, चार्ज न करता कित्येक महिने चालणारे छोटे टोकन वाटले आणि जागरणाचे ओझे फोनवरून काढूनच टाकले.

या सगळ्यातून आमचे मत असे बनते. झोप हा नियम असावा, जागरण हा अपवाद. दहापैकी नऊ वेळा रेडिओ जागा ठेवण्यात कुणाचेच भले नसते, आणि ज्याच्याकडे चार्जर नाही त्याचे तर नुकसानच होते. पण कोणी झोपायचे आणि कोणी जागायचे हे नशिबावर सोडता कामा नये. पूर्वी गाव झोपावे म्हणून जागल्या रात्र जागून काढी, पण त्याच्या पोटाची तजवीज गाव करी. थेट जोडणीत आज जागणाऱ्याची तजवीज कोणी करत नाही, आणि त्याला जागवले आहे हे बहुधा त्याला ठाऊकही नसते. अन्याय झोपेत नाही, या न सांगता केलेल्या वाटणीत आहे.

यावर आक्षेप येईल की सामान्य माणसाला हे तपशील कशाला विचारायचे, त्याला फाइल पाठवायची आहे, ग्रुप ओनरची निवडणूक लढवायची नाही. आक्षेप रास्त आहे. प्रत्येक जोडणीला प्रश्नांची यादी पुढे आली तर लोक न वाचता ‘होय’ दाबतील. म्हणून बहुतेक निर्णय साधनांनीच घ्यावेत, पण योग्य निकषावर. प्लगवर असलेला प्रिंटर किंवा टीव्ही असेल तर मालक त्यानेच व्हावे. दोन्ही फोन बॅटरीवर असतील तर जास्त चार्ज असलेल्याने. 0 ते 15 हा आकडा मानकात पहिल्यापासून आहे. तो बॅटरीच्या टक्क्यांशी जोडण्यासाठी नवा शोध लागत नाही, इच्छा लागते. चालू गटातही जबाबदारी दुसऱ्याकडे देण्याची वाट मानक ठरवणाऱ्यांनी खुली करावी. झोपेचे वेळापत्रक कामाप्रमाणे बदलावे: छपाईला मोठी डुलकी चालेल, पडदा दाखवताना चालणार नाही. माणसाला विचारायचे ते जिवाशी संबंध असेल तिथे. साखरेच्या सेन्सरचे किंवा आपत्तीच्या इशाऱ्याचे ॲप झोपवण्यापूर्वी फोनने स्पष्ट शब्दांत आणि मराठीत विचारले पाहिजे, गुपचूप निर्णय घेता कामा नये.

ही जबाबदारी सगळ्यात आधी फोन बनवणाऱ्यांची आहे. जाहिरातीत ‘दोन दिवस बॅटरी’ असे छापताना ती बॅटरी कोणती ॲप मारून वाचवली, हेही सांगणे त्यांचे कर्तव्य आहे. ॲप लिहिणाऱ्यांनी आपले ॲप चालावे म्हणून वापरणाऱ्याचा रेडिओ दिवसभर जागा ठेवण्याचा मोह सोडावा. आणि आपण वापरणाऱ्यांनीही थोडे लक्ष घालावे. फाइल पाठवून झाली की शेअरिंग बंद करा. दोघांत हॉटस्पॉट सुरू करायचा असेल तर ज्याचा फोन चार्जरला आहे त्याने करावा. घरात कुणी मधुमेही साखरेचा सेन्सर वापरत असेल, तर त्यांच्या फोनमधले ते ॲप बॅटरी-बचतीच्या यादीतून आजच वगळा आणि गजर खरोखर वाजतो का, हे एकदा तपासून पाहा.